चावा

अंबडला, फाउंड्रीच्या मागच्या गाळ्यात
दोन घोड्यांवर आडवा पडलाय
देवळालीच्या लिलावातून किलोच्या भावाने उचललेला
लष्करी ट्रकचा पुढचा आख.
तीन दिवस घासला,
तेव्हा कुठे हिरव्या रंगाखालचं लोखंड
माझ्याशी बोलायला लागलं.

हा जाणार डॉक्टर मृण्मयी कुलथ्यांच्या गाडीखाली.
दातांचा दवाखाना, गंगापूर रोडला.
रविवारी मात्र सारूळच्या बंद खाणीत
बाई पाचशे हॉर्सपॉवर काळ्या कातळावर चढवतात.
मागच्या महिन्यात डावं चाक कपारीत अडकलं,
त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला नाही,
आणि नकलमधला जोड
अडकित्त्यातल्या सुपारीसारखा फुटला.
तुकडे त्यांनी औषधाच्या पिशवीत भरून आणले,
वर तारीख घालून.

पुंजाराम म्हणाला, जाड करू.
पुंजारामचं सगळ्या दुखण्यांवर हेच औषध.
त्याचा डावा कान प्रेस शॉपने खाल्लाय,
गिअरचा आवाज तो जबड्याने ऐकतो:
स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगवर,
मूठ दाढेखाली,
डोळे मिटलेले.

जाड केलं.
एन-चोवीसचा बार, पस्तीस दातांची स्प्लाइन, सातपूरहून कडक करून आणलेली.
कवचावर पाठीचा कणा चढवला, दहा एमएमच्या पट्टीचा,
वेल्डिंग एक इंच डावीकडे, एक इंच उजवीकडे,
मग बिडी,
मग पुन्हा एक इंच.
घाई केली की लोखंड केळ्यासारखं वाकतं
आणि कुणाला सांगत नाही.
रात्रभर चुन्याच्या पोत्यांखाली निजवलं.
सकाळी डायल लावला,
काटा जागचा हलला नाही.
पुंजारामने चहा सांगितला, स्वतःच्या पैशाने.

पण मला झोप येईना.
जोड वाचला तर शाफ्ट जाणार,
शाफ्ट वाचला तर क्राऊन,
क्राऊन वाचला तर कवचच पिळून निघणार,
बाई खाणीच्या तळाशी, फोनला रेंज नाही.
एवढी ताकद कुठेतरी उतरणारच.

संध्याकाळी त्या आल्या, तशाच, दवाखान्यातून.
मी क्राऊनच्या दातांना निळी पेस्ट लावून
पिनियन हाताने फिरवत होतो.
त्यांनी चष्मा वर केला, वाकल्या,
म्हणाल्या, हा टाचेकडे चावतोय.
तुम्हाला कसं कळलं?
आम्हीही निळा कागदच देतो चावायला.
ठसा गडद, तिथे दात उंच.

शिम चार वेळा बदलला.
पाचव्यांदा ठसा दाताच्या मधोमध बसला,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा, स्वच्छ.

मग मी विचारलंच:
मूळ कच्चं असेल आणि त्यावर क्राऊन पक्का बसवायचा,
तर तुम्ही काय करता?
त्या हात पुसत होत्या.
कच्च्या सिमेंटवर बसवते.
निघायचाच तर क्राऊन निघू दे.
तो पुन्हा बसवता येतो.

त्या रात्री लेथवर
हबच्या बाहेरच्या चकतीची मान आम्ही बारीक केली.
सगळा आख जाड,
आणि टोकाला ही एवढीशी कमजोरी,
मापून, घासून, चकचकीत पॉलिश केलेली.
आयुष्यात पहिल्यांदा
तुटावं म्हणून काहीतरी बनवलं,
आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला.
सहा बोल्ट, एक पाना, वीस मिनिटं.
सीटखाली आणखी दोन चकत्या ठेवल्या.
पुंजारामने पंच घेऊन तिन्हींवर ठोकलं: इथे.

बिलातले काही पैसे बाईंनी वेगळे फेडायचं ठरवलं.
मंगळवारी पुंजाराम त्यांच्या खुर्चीत,
तीन वर्षं दुखणारी दाढ,
तोंडात निळा कागद.
उंच लागतंय का?
त्याने डोळे मिटले,
खालचा जबडा जरा डावीकडे सरकवला, जरा उजवीकडे,
आणि बोट वर केलं.
थांबा, म्हणाला. ऐकू द्या.