कंसातलं

धरणगावच्या समाजमंदिरात आठ जणी.
पाळी संपवून आल्या, केसांत अजून रुई.
रेकॉर्डर मी सतरंजीवर ठेवला तर झेलाबाई म्हणाली,
पाहुना शे, पाटवर बसाडा त्याले.
पाट आला. पाहुणा बसला.

मी नियम सांगितले :
एका वेळी एकीनंच बोलायचं,
चूक-बरोबर असं काही नसतं,
नावं कुठेही येणार नाहीत.
मंग कोन बोलनं हे कसं समजी?
बेबाबाईला मी तीन नंबर दिला.

प्रश्न चौथा. जिनिंगमध्ये काम करताना
श्वासाचा काही त्रास?
नई वं माय.
आमले काय व्हस.
पाच नंबरला मुकादमाची वहिनी बसली होती,
हे मला चहाच्या वेळी कळलं.

सात नंबर बोललीच नाही.
गप्प बसलेल्यांकडे हळुवार वळावं,
असं आमच्या मार्गदर्शिकेत आहे. मी वळले.
ती पदर तोंडाला लावून हसली, मला वाटलं.
बिस्किटांचा पुडा न फोडता तिनं ओटीत ठेवला.

रात्री जळगावच्या खोलीवर
कानाला हेडफोन, थांबव, मागे ने, पुन्हा.
बोलणं तेवढं उतरवायचं.
पंखा, बाहेरचा ट्रॅक्टर, कुणाचं खोकणं
गाळत गेले.
अहिराणीचं प्रमाण मराठी करत गेले,
तशी वाक्यं शहाणी होत गेली.

बाविसाव्या मिनिटाला कुणीतरी पुटपुटतं,
सोमवारले जीव दाटस
आणि सगळ्या हसतात.
मी कंसात लिहिलं : हशा.

रविवारी जिन बंद असते.
एक दिवस छाती मोकळी, मग सोमवार.
हे मला पहाटे तीनला सुचलं,
चहा गार झाल्यावर.

मग पहिल्यापासून लावलं.
या वेळी शब्द सोडून दिले.
चौथ्या प्रश्नानंतर, ‘नई’च्या आधी एक.
‘नई’च्या मागोमाग दोन, वेगवेगळ्या छातीतून.
झेलाबाईचा कोरडा,
बेबाबाईचा तळातून ओढलेला
(नंबर विसरायला झालं, माफ करा).
मी सात नंबरकडे वळले तिथे
पदराआड दाबलेला, लांब,
संपता संपत नाही असा.
ती हसली नव्हती.

एकसष्ट मोजले. तक्त्यात रकाना नाही.
आणि त्यातले नऊ पाच नंबरचे,
सगळ्यात अस्पष्ट,
दर वेळी
दाराकडे तोंड फिरवून.