खालच्या अंगाला

आरसा सहा इंची.
उद्यमनगरात, विकून टाकलेल्या लेथचा चौथरा तेवढा उरला होता,
त्याच्याभोवती फिरत फिरत तीन वर्षं घासला.
नळी ड्रेनेजच्या पाइपची. बूड फिरतं
पिठाच्या गिरणीतल्या जुन्या बेअरिंगवर.
बायको म्हणते, एवढ्यात वॉशिंग मशीन आलं असतं.
खरं आहे.

डिसेंबरात मंगळ इतका डोक्यावर येतो
की नळी खांबासारखी उभी राहते
आणि ढकलायची कुठल्या बाजूनं, तेच उमगत नाही.
गाळप चालू असतं. बावड्याकडनं मळीचा वास.
दोनशे पट मोठा केला तरी तो
हात लांब करून धरलेल्या वाटाण्याएवढा,
आणि वर हवा अशी
की काहिलीत काकवी रटरटतेय, तिच्या तळाशी
कुणीतरी नाणं टाकलंय
आणि विचारतंय, सांग बरं, छाप की काटा.

मी वाट बघतो.
फेस क्षणभर बसतो.
तेवढ्यात काळपट काहीतरी, खाली निमुळतं,
आणि पुन्हा उकळी.

नकाशात त्या डागाला मोठं नाव आहे.
आमच्या गच्चीवर तो लेटकमर:
रोज चाळीस मिनिटं उशिरा येतो कामावर.
मंगळाचा दिवस आपल्याहून तेवढा लांब,
हे मी हिंदुरावला सांगितलं,
तो टाकीचा कॉक बंद करायला आला होता.
म्हणाला, मग ओव्हरटाइम कोण देतंय?

काल दस्तगीरचाचा आले.
शिरोलीत चौतीस वर्षं कास्टिंग तपासलं त्यांनी.
पीस हातात घेऊन, उजेडाकडं तिरका करून,
न बोलता बाजूला ठेवायचे. रिजेक्ट.
मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं होतो,
माझे पास केलेले पीस
ते रात्री पुन्हा बघायचे, हे मला फार उशिरा कळलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय.
तोच लावला. टोपी उलटी केली.
बराच वेळ गेला. खाली कुणीतरी गाडी किक मारत होतं,
ती लागत नव्हती.
मग म्हणाले,
"खालच्या अंगाला ग्राइंडर लागलाय बघ.
गंजाखालचं लोखंड चकाकतंय."

दुर्बिणीत सगळं उलटं असतं. उत्तर खाली.
उत्तरेचं बर्फ
मी एकोणीस रात्री शोधतोय,
हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

नंतर मी डोळा लावला. काकवी.
तिरकं बघितलं, त्यांनीच शिकवलेलं तसं. काकवी.
एकदा वाटलं, आहे.
पण वाटणं वहीत लिहायचं नाही,
हेही त्यांचंच.

म्हणून वाटी पालथी घालून गोल काढला,
आणि खालची कड
पेन्सिल न लावता कोरी सोडली.
बाजूला लिहिलं:
रात्री ११.२०. हवा वाईट.
टोपी दिसली. निरीक्षक: द. मुल्लाणी.

चाचांनी चष्मा लावून वाचलं.
"टोपी कुणाची?" म्हणाले,
आणि आपली चाचपून बघितली.