दाभण

परभणीत पारा साडेसहावर उतरला
त्या सकाळी मी बायोडाटाच्या बारा प्रती काढल्या.
दोन रुपये पान. झेरॉक्सवाल्या मुंजाजीनं
पहिली उचलून वाचली, म्हणाला,
‘मूट कोर्टात दुसरा नंबर म्हंजी
खऱ्या कोर्टात कितवा?’
कागद मशिनीतून निघालेले, गरम.
मी ते स्वेटरच्या आत पोटाशी धरून निघाले.

पहिले वकील जिंतूर रोडला, मेडिकलच्या वर.
‘कोन्या गावची? कुणाची?’
मोटार रिवाइंडिंगवाल्या सोनटक्क्यांची, म्हटलं.
‘आमच्या बोअरची मोटार त्यांनीच भरलीय की!
पगाराची मात्र आपल्याकडं पद्धत नाही.
शिकायलीस ना? शीक.’
चहा पाजला.
कप माझ्या बायोडाटावर ठेवला.

दुसऱ्यांच्या दाराला कुलूप.
साहेब हुरड्याला गेलेत, पाथरीकडं.
तिसऱ्या मॅडम. त्यांनी दार लोटून घेतलं,
हळूच म्हणाल्या, मलाच अकरा वर्षं झाली गं,
जामिनाच्या पलीकडं कुणी काही देत नाही.
मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली,
वर तिळाची चटणी. मी खाल्ली. भूक होतीच.

वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, लोकस स्टँडी.
म्हणजे उभं राहायचा हक्क.
मी कोर्टाच्या फाटकाशी उभी,
आणि फाटकावर कागद :
नाताळची सुट्टी. कामकाज दोन तारखेपासून.
माझी सुट्टी आणि न्यायाची सुट्टी
एकाच आठवड्यात लागते
हे तीन वर्षांत कुणीच कसं शिकवलं नाही?

बाहेर पत्र्याखाली गफूर मुन्शी तेवढे होते.
मफलर, काडीऐवजी दोरा बांधलेला चष्मा,
मांडीवर मिसल, हातात दाभण.
‘सुट्टी साहेबाला, बेटा. कागदाला नाही.
जरा दोरा ओवून दे. मला दिसंना.’

ओवला.
मग भोक कुठं पाडायचं ते त्यांनी दाखवलं,
डावीकडून दोन बोटं सोडून,
नाहीतर अक्षर शिवलं जातं
आणि शिवलेलं अक्षर जज्ज वाचत नाहीत.
वाटणीचा दावा. पोटगी. दुकानाचं थकलेलं भाडं.
एका मास्तरची चुकलेली जन्मतारीख.
एका मिसलीत निजामाच्या वेळचं पान निघालं, उर्दूत,
कडा पापडासारख्या.
पुराव्याच्या कायद्यात मला एकाहत्तर मार्क,
आणि पुरावाच वाचता येईना.
मुन्शींनी बोट ठेवत वाचला :
ओढ्याच्या उगवतीला दोन चिंचा.
‘चिंचा गेल्या,’ म्हणाले. ‘ओढाही गेला.
पुढचं पान दे.’

अंधारेपर्यंत नऊ मिसली शिवल्या.
पोटगीच्या चौथ्या पानावर, समासात,
माझ्या रक्ताचा एक ठिपका असेल अजून.
मुन्शींनी शंभराची नोट दिली
आणि वीस परत मागितले.
माझ्याकडं सुटे नव्हते, म्हणून उद्याही ये म्हणाले.

घरी बाबा बल्बखाली कॉइल भरत बसलेले,
तांब्याची तार एकसारखी, वेढ्याला वेढा.
‘लागलं का काही?’
‘दाभण,’ म्हटलं.
त्यांचा वेढा चुकला नाही.
‘हळद लाव,’ म्हणाले,
‘आणि उद्या जाताना
आईचं अंगुस्तान घेऊन जा.’