छत्तीस

आमच्या मोजणीत छत्तीस म्हणजे
खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ.
झेलाबाई वाडिले यांच्या कार्डावर, अठ्ठ्याण्णव साली,
छत्तीससमोर मी लाल पेनाने लिहिलंय:
वाचणार नाही.
खाली सही. मी तेव्हा एकतीस वर्षांचा,
आणि बरंच काही लाल पेनाने लिहायचो.

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात त्या देठं खुडायच्या.
पहिल्यांदा आल्या तेव्हा पदरात असा खकाणा
की खुर्चीत त्या, आणि शिंकतोय मी.
मिसरीने काळवंडलेल्या हिरड्या. बोट लावलं की रक्त.
'हालतस ना बठ्ठा. काढी टाकाना कितला?'

म्हटलं, दात किडलेले नाहीत, बाई,
दातांखालची जमीन खचलीय.
हिरडीत खिसे झालेत, सहा-सात मिलिमीटर खोल.
पदर तोंडावर धरून त्या हसल्या:
'लुगडाले खिसा नही, नि हिरडीले शे?'

मग खरवडणं, धुणं, एका बाजूला टाके.
मिसरी सुटायला दीड वर्ष.
मधे एकदा पुन्हा लागली होती;
त्या बोलल्या नाहीत, हिरडी बोलली.

दर तीन महिन्यांनी या, असं मी प्रत्येकाला सांगतो.
प्रत्येक जण मान हलवतो.
ठणका थांबला की माणूस दवाखाना विसरतो,
मीही विसरलो असतो.
झेलाबाई आल्या. फाटकापलीकडून, चालत,
मे महिन्यात डोक्यावर ओलं फडकं टाकून,
एकदा नातीला कडेवर घेऊन,
एकदा चुकून आठ दिवस आधीच.
नवऱ्याच्या तेराव्यानंतर आल्या,
बसल्या, आ केला,
आणि डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत राहिलं.
मी काम थांबवलं नाही.
थुंकी ओढणारी नळी घुरघुरत होती.
ते बरोबर केलं का, अजून कळलेलं नाही.

इतक्या वर्षांत गेले दोन.
सतरा, वरची, हळूहळू सैल होत.
आणि सत्तेचाळीस,
मेहरूणच्या बोराच्या आठळीवर कडकन फुटली,
तिच्यात हिरडीचा काही दोष नाही.
अक्कलदाढा मी धरत नाही.
म्हणजे सव्वीस.

माझी स्वतःची छत्तीस
पंचावन्नाव्या वर्षी नाशिकच्या मित्राने काढली.
दर तीन महिन्यांनी मला कोण बोलावणार होतं?
आता तिथे स्क्रू आहे, वर पांढरी टोपी.
दिसते छान. कुल्फी तिला कळत नाही.
हे झेलाबाईंना सांगितलं तर इतक्या हसल्या
की आरसा दातांवर आपटला.

लोक म्हणतात, अमक्यातमक्याचा छत्तीसचा आकडा.
पाटीवर काढून बघा:
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून,
बोलणं बंद,
पण घर सोडून कोणी गेलेलं नाही.

हलते ती. दर वेळी चिमट्यात धरून बघतो,
जराशी हलते. तेव्हाही एवढीच हलायची.
एक्स-रेत हाड उतरलेलं,
वैशाखात नदी काठ सोडते तसं.
मुळांच्या बेचक्यातून बारीक ब्रश आरपार निघतो;
तो त्या रोज रात्री स्वतः घालतात,
चूल सारवल्यासारखा, कोपरे न सोडता.
माझं यातलं काम वर्षाला चार तास.
दादरच्या भाकरीचा कडक पापुद्रा
त्या डाव्याच बाजूने चावतात. मुद्दाम,
असा मला संशय आहे.

काल आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर.
मी आकडे सांगत गेलो, रोशनी लिहीत गेली:
पाच. चार. चार.
रक्त?
नाही.
लाल पेन ड्रॉवरमध्ये आहे अजून,
चालतं की वाळलं, ओढून पाहिलेलं नाही.
कार्डाला तिसरं पान जोडलंय, तेही भरत आलं.
रोशनी म्हणाली, सर, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ या का?
मी काही बोलेपर्यंत
झेलाबाई खुर्चीतून उतरल्या होत्या,
पायाने चपला चाचपत:
'आते कव्हय येऊ?'