सोळा आटे

एरवी खणभागाचं पाणी साडेसहाला.
आज नरक चतुर्दशी, म्हणून पावणेचार.
लोक तेल लावून बसणार.

पेठेत शटरं खाली, दिवे मात्र चालू.
एकावर एक. दोनावर तीन.
साडीच्या फ्लेक्सवरची बाई इतकी हसत होती
की तिला बिल अजून दाखवलेलं नसावं.
त्या फ्लेक्समागं पुराची रेघ आहे,
माझ्या छातीएवढी.
दुकानदारानं दोनदा रंग मारला, दोनदा ती वर आली.
आता तिच्यावर भव्य सवलत ठोकलीय.

सायकल लावली, चेंबरचं झाकण शोधलं.
झाकणावर पंख होते.
थर्माकोलचे, सोनेरी,
मधे एक माणूस फोटोला उभा राहील एवढी जागा,
वर 'आय लव्ह दिवाळी', खाली सराफाचं नाव,
आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून
वाळूची सहा पोती.

साहेबांना फोन लावला.
एक बाई मला आणि माझ्या परिवाराला
शुभेच्छा देत राहिली.
पंखांवरचा नंबर लावला.
ऑफरसाठी एक दाबा, स्टॉलसाठी दोन.
पाण्यासाठी काही नव्हतं.
मी नऊ दाबून बघितलं. सनई लागली.

सव्वाचार. गॅलऱ्या उघडायला लागल्या.
"ओ शिकलगारमामा, पाणी कवा?"
"उटणं वाळलं की अंगावर!"
"पट्टी भरतोय, फुकट न्हाय मागत!"
मगदूमांचे आण्णा तसेच खाली आले,
पंचा नेसून, तेलानं चकाकत.
"दिवसाआड येतंय, चालवून घेतलं.
मीटर हवेवर फिरतंय, हवेचं बिल भरलं.
घंटागाडी दारात गाणं म्हणून न थांबता जाते,
तिला काय बोललो नाही.
पण आज नको रे."
'रे' मला की पंखांना, कळलं नाही.

मग पोती ओढली.
मी, आण्णा, इस्त्रीवाला संतराम,
आणि कोष्ट्यांची वैदेही, कोपरापर्यंत उटणं लावलेली.
तेलकट हातातून पोतं निसटायचं.
आण्णा शिवी हासडायचे,
सण आठवून अर्धी गिळायचे.
पंख भिंतीला कलते केले. एक मोडला.

झाकण उघडलं.
आत एक बेडूक आणि त्याच्याकडंही पोचलेलं
सवलतीचं पत्रक.
चावी बसवली. सोळा आटे.
दहाव्याला अडते, तिथं खांदा लावायचा.
तेराव्याला रस्त्याखालून आवाज येतो,
लांब कुणीतरी घसा खाकरल्यासारखा.
बायकोला एकदा मुद्दाम ऐकवायला आणलं होतं.
ती म्हणाली, बरं.

गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. बादल्या वाजल्या.
थोड्या वेळानं गटारीला
उटण्याचा वास यायला लागला.
अख्ख्या वर्षात या गटारीला एवढाच चांगला दिवस.

आण्णा न्हाऊन आले, हातात अभ्यंग किट,
किंमत एकशे एकोणपन्नास,
त्यात प्लास्टिकच्या खणात एक कारीट.
हरिपूरच्या वाटेला बांधावर उगवायचं हे,
जनावरसुद्धा तोंड लावायचं नाही.
आण्णांनी उंबऱ्याबाहेर डावा अंगठा दाबला.
ते निसटलं, घरंगळत आलं
आणि चेंबरमधे पडलं. डुबुक.
"जाऊ दे," आण्णा म्हणाले, "बेडकाची दिवाळी."
मी झाकण लावलं.
आमच्या गल्लीचा नंबर संध्याकाळी असतो,
माझी अंघोळ तेव्हा.

सहाला पंखवाल्यांचं पोरगं आलं, गळ्यात ओळखपत्र.
मोडका पंख उचलून म्हणालं,
"मामा, हे कुणी केलं?"
"पाणी आलं होतं," मी म्हणालो.
त्यानं एकदम भिंतीकडं बघितलं,
मग स्वतःच्या छातीकडं,
आणि पुढं काही विचारलं नाही.