मुरत घातलेलं

गुरुवारी आमच्याकडे सकाळी दहाला वीज जाते,
आणि श्रीरंग इन्व्हर्टरची वायर
पंख्याची काढून कपाटाला लावतो.
तेरा अंश. बारा नाही, चौदा तर नाहीच.
आत छत्तीस बाटल्या आडव्या झोपलेल्या,
बाहेर मी, वर्तमानपत्राने वारा घेत.
वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आयातशुल्क.

भोसरीचा कारखाना गुरुवारी तसाही बंद असतो.
हल्ली सोमवारीही असतो.
आमचे गिअर अमेरिकेला जायचे;
आता कंटेनर न्हाव्याला उभा आहे,
त्याचं भाडं दिवसावर चालू आहे,
आणि पलीकडचा माणूस रोज मेल करतो, "थोडं थांबू या."

थांबणं श्रीरंगला जमत नाही.
म्हणून त्याने थांबण्यातच पैसे घातले.

कल्याणीनगरचा ऋत्विज, सव्विशीतला, मोजे न घालणारा,
आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला होता,
"काका, शेअर पडतो, रुपया पडतो.
वाइन नुसती पडून राहते,
आणि पडून राहण्याचेच पैसे मिळतात."
त्याच्या पानात लिंबाचं लोणचं वाढत मी म्हटलं,
मुरतं तर सगळंच.
पाणी कुठे मुरतंय तेवढं बघा.

बाटल्यांवरची नावं मला म्हणता येत नाहीत.
श्रीरंगलाही नाही. तो सालावरून ओळखतो.
ही पाचची, नूपुर दहावीला होती.
ही दहाची, कोथरूडचं कर्ज फिटलं.
आणि ही नऊची, सगळ्यांत महाग:
आपण सतरा माणसं कमी केली ना, त्या वर्षी
तिकडे म्हणे ऊन अप्रतिम पडलं होतं.

पीत नाही तो. पित्त आहे त्याला,
ताकसुद्धा दुपारपर्यंतच.

मार्चअखेरीला बँकेच्या उबाळे मॅडम आल्या, तारण बघायला.
मोबाइलचा टॉर्च लावून मोजू लागल्या
तर श्रीरंग कळवळून म्हणाला, उजेड सोसत नाही हो.
त्यांनी अंधारात मोजल्या. पस्तीस. पुन्हा मोजल्या. छत्तीस.
अर्जात दोन चौकोन होते,
नाशवंत माल, टिकाऊ माल.
पेन बराच वेळ मधल्या पांढऱ्या जागेवर थांबलं.
"किंमत दिसतेय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक कोण?"
ऋत्विज फोन उचलत नव्हता.
प्यायला परवाना, विकायला परवाना;
नुसतं बघत बसायला अजून लागत नाही,
म्हणून आम्ही तिघं बघत बसलो.
चहा गार झाला.

मग परवा, गुरुवारीच, नेवाळे आले.
एकवीस वर्षं फोरमन. पगाराचं विचारायला आले होते
पण विचारलं पावसाचं, नूपुरचं, माझ्या गुडघ्याचं.
मध्येच थांबले, मान तिरकी केली,
मशीनवर करतात तशी.
"साहेब, हे थरथरतंय."

श्रीरंग उठायच्या आत ते फरशीवर पालथे,
गाल गार लादीला टेकवलेला,
एक हात कपाटाखाली.
खिशातून रबराचा वॉशर निघाला,
मग चष्म्याच्या डबीतून दुसरा.
एक पाय उचलला, सरकवला, टेकवला.
आवाज गेला. तो इतके महिने होता
हे तो गेल्यावर कळलं मला.

नऊच्या एका बाटलीत त्यांचा दीड महिना आहे.
मी हिशेब केला होता कधीतरी, भाजी निवडताना.

"आत काय आहे, वहिनी?"
श्रीरंगने खिडकीबाहेर पाहिलं.
"मुरायला ठेवलंय," मी म्हटलं.
नेवाळ्यांनी मान डोलावली, हात पुसले.
"मग हलवू नका."

अर्ध्या पगाराचं पाकीट
न मोजता खिशात घातलं त्यांनी,
आणि जाताना दार
फार हळू लावलं.