न की ल

फ्रेझर नदीच्या मुखाशी जिथे न म्हणतात
तिथे वर, डोंगरांकडे, ल.
शब्द तोच. सॅमन माशासारखा
प्रवाहाविरुद्ध चढता चढता
लाल होत गेलेला.

डेल्फीन हेडफोन लावून ऐकते
जुनी कॅसेट : दोन म्हाताऱ्या मासे चिरताना.
मुखाकडची थिओडोरा, वरल्या अंगाची सिसीलिया.
"तुझी जीभ घसरते गं."
"तुझी अडकते, त्याचं काय?"
मग हसू, फळीवर सुरी,
कुणीतरी केटल उतरवतं,
आणि एक शब्द, ज्यावर दोघी हटून बसतात.
नेमकी तिथेच फीत खरखरते.

ती मागे नेते. पुन्हा. पुन्हा.

विचारायचं कुणाला?
सिसीलिया आधी गेली.
भांडायला पलीकडचं कुणी उरलं नाही म्हणून
थिओडोरा शेवटी शेवटी
दोन्हीकडून बोलायची म्हणे,
एकदा न, एकदा ल,
आणि स्वतःलाच चूक ठरवायची.

उद्या वर्गाला सहा मुलं.
त्यातल्या एकाचे पुढचे दात पडलेत.
त्याच्या तोंडून जे निघेल
ते आधी लिहून घ्यायचं, डेल्फीन ठरवते,
पेन्सिलने.